नवव्या महिन्यात लातूरला

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, हा आमच्याकडचा रिवाज. सातवा महिना सरत आला तशी माय लातूरला आली, माझ्या साड्यांची पिशवी भरली, नवऱ्याला "आता तुमचं काम झालं" असं हसत सांगितलं आणि मला एसटीत बसवून नांदेडला घेऊन गेली. मीही खुशीत गेले. लातुरात पाण्याची अशी बोंब होती की पोटुशा बाईनं तिथून निघून जावं हेच बरं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, भिंतींना ओल्या चुन्याचा वास, आणि कपाटांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव. मी कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होते. मला टंचाई शाखेत बसवलं होतं. कोणत्या गावाला कोणता टँकर जाणार, किती खेपा करणार, याचे हुकूम मी दिवसभर बडवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या गल्लीतल्या टँकरच्या रांगेत स्वतःची घागर घेऊन उभी राहायचे. नवरा औशाच्या शाळेत मास्तर. तो सकाळच्या गाडीनं जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. सहावा महिना लागेपर्यंत पाणी मीच भरलं.

दिवस राहिले तेव्हापासून मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवत होते. तिथली डॉक्टर उदगीरची, दुकानदार लिंगायत घरातली मुलगी. लग्न व्हायचं होतं. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठी असेल, तरी मला अक्का म्हणायची. उदगीरकडं कानडीच्या शेजारामुळं सगळ्याच बायका अक्का होतात. तिची एक सवय मला फार आवडायची. तपासताना ती माझाच हात धरून माझ्या पोटावर ठेवायची. "हे बघा अक्का, हे गोल आणि टणक लागतंय ना, हे डोकं. हे मऊ आहे ते बूड. ही लांबट पाठ." मला आधी काहीच कळायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. दुपारी टाइपरायटरपुढं बसल्या बसल्या मी पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं शोधत बसायचे.

नांदेडला मायनं दवाखाना कधीच ठरवून ठेवला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई साठीच्या पुढच्या. पांढरं सुती लुगडं, जाड चष्मा आणि आवाज असा की बाहेरच्या बाकावरच्या बायका पदर सारखा करायच्या. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची. पण मायचं कारण वेगळं होतं. बहात्तरच्या दुष्काळात माय सरकारी कामावर खडी फोडायला जात होती, तेव्हा माझा धाकटा भाऊ तिच्या पोटात होता. कामावरच तिला अंगावरून रक्त जाऊ लागलं. लोकांनी बैलगाडीत घालून तिला या बाईंकडं आणलं. माय जगली, भाऊही जगला. तेव्हापासून मायच्या लेखी दवाखाना म्हणजे ही बाई. विहारात वंदना झाली की ती डोळे मिटून थोडा वेळ जास्त बसायची, तेव्हा कुणाचं भलं चिंतत असेल हे आम्हाला विचारावं लागत नसे.

बाई मला पहिल्यांदा तपासत होत्या तेव्हा मी सहज विचारलं, "बाळ कसं बसलंय?"

"चांगलं बसलंय."

"डोकं कुठं आहे?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला काय करायचंय डोकं? तू खा, पी, झोप. बाकी माझ्यावर सोड."

माय शेजारी उभी होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "असं इचारत न्हाईत, पोरी. त्या काय परीक्षेला बसल्यात का?"

आठवा महिना सरायला आला तशी माझ्या बोटांना एक गोष्ट सारखी लागू लागली. उजव्या बरगडीखाली गोल, टणक काहीतरी. बोटानं हलकं ढकललं की ते डोलायचं आणि परत जागेवर यायचं. खाली ओटीपोटात मात्र मऊ. लाथा बसायच्या त्याही खाली, लघवीच्या जागी. बाळ वर डोकं करून बसलं होतं. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या तपासणीत मी विचारलं नाही, सरळ सांगितलं, "बाई, डोकं वर आहे."

त्यांनी बराच वेळ पोट चाचपलं. मग हात धुता धुता मायला म्हणाल्या, "पायाळू आहे. आता फिरायला जागा राहिली नाही. ऑपरेशन करून घेऊ. महिने भरायच्या आत दिवस ठरवते."

माझ्याशी काही नाही. मी टेबलावर झोपलेलीच होते.

"बाई, फिरवता येत नाही का? बाहेरून, हातानं?" मी म्हणाले. लातूरच्या डॉक्टरनं एकदा बोलता बोलता हे सांगितलं होतं.

"इथं ऑपरेशनच होईल," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

ऑपरेशनची मला भीती नव्हती असं नाही, पण ते नकोच असंही नव्हतं. मला खटकत होतं ते वेगळंच. पोट माझं, बाळ माझं, आणि मला कुणी एक वाक्यही सांगत नव्हतं. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट होती. ऑपरेशन झालेल्या बाईनं दोन-तीन महिने जड उचलायचं नाही, आणि लातुरातलं आमचं घर म्हणजे उचलणंच होतं. माझी रजा संपली की मला परत जायचं होतं. नोकरी नवीन होती. नवरा दिवसभर औशाला. अंगावरचं पोर आणि टाके घेऊन मी टँकरच्या रांगेत कशी उभी राहणार, याचा विचार कुणीच करत नव्हतं.

रविवारी नवरा भेटायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या लातूरच्या सरकारी दवाखान्यात जा आणि त्या डॉक्टरला विचार, अजून फिरवता येईल का. तो डोकं खाजवत बसला.

"विचारतो. पण गावाकडं कळलंय."

"काय कळलंय?"

"पायाळू आहे ते. तुझ्या मायनं निरोप धाडला होता. बाबा लई खूश आहेत. म्हणतात, फिरवू बिरवू नका, पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्यात. पोराला पाय फुटले की वावरात फिरवायचं म्हणतात."

मामंजी औशाजवळच्या खेड्यात राहायचे. विहारात बुद्धाच्या मूर्तीपुढं सगळ्यांच्या आधी बसणारे, नवससायास न मानणारे. पण पाण्याच्या बाबतीत त्या वर्षी माणसं कशावरही विश्वास ठेवायला तयार होती. मला हसू आलं. नवराही हसला. मग मी म्हटलं, "पोर चालायला लागेपर्यंत दोन पावसाळे जातील. तोवर बाबांना थांबायला सांग."

पुढच्या रविवारी तो उत्तर घेऊन आला. डॉक्टर म्हणाली होती, तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही. पण नववा लागला असला तरी वेळ गेलेली नाही. यायचं तर या आठवड्यात या. आणि यायचं की नाही हे अक्कांनी ठरवावं, तुम्ही नाही.

मी त्याच संध्याकाळी मायला सांगितलं, लातूरला जाते. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही, पण भाकरीला चीर गेली.

"नववा लागल्यावर लेक माहेरातून जाती व्हय? लोक म्हणतील मायनं हाकलून देलं."

"लोकांना मी सांगीन."

"आन त्या बाईला काय सांगशील? तिनं मला जगवलं. तुझ्या भावाला जगवलं. ती न्हाई म्हणली तर त्याला काही कारण असंल का न्हाई? ती लातूरची पोरगी, अजून तिचं सोताचं लगन झालं न्हाई, तिला काय ठावं बाळातपण?"

"कारण असेल तर त्यांनी सांगावं. मी विचारणार आहे."

"काय इचारनार?"

"उद्या त्यांच्याकडं जाते. न सांगता जाणार नाही."

मायनं चीर गेलेली भाकरी तव्यावर टाकली. "जा बाई. माझं तोंड न्हाई तिच्याम्होरं यायचं."

पण सकाळी मी चपला घातल्या तेव्हा ती पदर डोक्यावर घेऊन दारात उभी होती. सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही. दवाखान्यात पोचल्यावर बाहेरच्या बाकावर बसली आणि मला एकटीलाच आत जायची खूण केली.

बायकांची गर्दी ओसरल्यावर बाईंनी मला बोलावलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मी लातूरला परत जातेय, तिथल्या डॉक्टरांना दाखवणार आहे, बाळ फिरतं का ते बघणार आहे. तुमचे आमच्यावर उपकार आहेत, म्हणून न सांगता गेले नाही. हे सगळं घरून पाठ करून आले होते.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उठून दार लावलं.

"बस," म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

"बाळ बाहेरून फिरवतात हे मला माहीत आहे. मला शिकवलं होतं. मी केलंयही. सुरुवातीच्या वर्षांत बरेचदा केलं. एकदा केलं आणि बाळ गेलं. माझ्या हातून गेलं की ते तसंही जाणारच होतं, हे आजवर मला कळलेलं नाही. त्यानंतर हात धजला नाही. तुला नाही म्हटलं ते होत नाही म्हणून नव्हे. माझ्याकडून होत नाही म्हणून."

खोलीत पंखा फिरत होता.

"हे तेव्हाच सांगितलं असतंत तर," मी म्हणाले.

"सांगायला हवं होतं. इतकी वर्षं कुणी असं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही." त्यांनी चष्मा परत घातला आणि आवाजही नेहमीचा झाला. "आता ऐक. ती मुलगी कुठं शिकली, तिनं हे आधी स्वतः केलंय का, ते विचार. करायच्या आधी बाळाचे ठोके ऐकते का, नंतर किती वेळ ऐकते, ते विचार. ऑपरेशनची खोली तयार ठेवल्याशिवाय हात लावू देऊ नको. रक्ताची सोय विचार. आणि फिरलं नाही तर काय, तेही विचार. यातल्या एका जरी प्रश्नाला तिनं उडवून लावलं तर सरळ माघारी ये. माझ्याकडं ऑपरेशन होईल, आणि चांगलं होईल."

मी मान हलवली.

"तुझ्या आईला आत बोलाव."

माय आत आली ती जमिनीकडं बघत. बाई तिला म्हणाल्या, "लेकीला एकटी पाठवू नको. तू सोबत जा. गाडीत मागच्या सीटवर बसू नका, धक्के लागतात. पुढं मधोमध बसा, खाली उशी घ्या. आणि काय झालं ते मला येऊन सांग. मी वाट बघीन."

मायनं त्यांचे पाय धरायला हात पुढं केला. बाईंनी तो वरच्या वर धरला.

बाहेर आल्यावर माय मोकळेपणानं बोलू लागली. "म्यां म्हणलं न्हवतं, कारण असंल म्हून?" मी म्हटलं, "हाव, म्हणली होतीस."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. घरातल्या सगळ्या उशा मायनं गोळा केल्या होत्या. माझी अवस्था बघून कंडक्टरनं पुढची सीट रिकामी करून दिली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "सबुरीनं घ्या." लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्त्याच्या कडेला उजाड रानं, आणि एका ठिकाणी दुष्काळी कामावर बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. गाडी तिथं हळू झाली. माय खिडकीतून त्यांच्याकडं बघत राहिली. मग आपसूक तिचा हात माझ्या पोटावर आला आणि लातूर येईपर्यंत तिथंच राहिला.

डॉक्टरनं मला तपासलं. मायला तिनं खुर्ची दिली. मी एकेक प्रश्न विचारला आणि ती एकेकाचं उत्तर देत गेली. कुठं शिकली, कुणाच्या हाताखाली शिकली, कितीदा स्वतः केलं, त्यात कितीदा बाळ फिरलं नाही, सगळं. प्रश्न संपल्यावर तिनं विचारलं, "हे प्रश्न तुम्हाला कुणी दिले?" मी नांदेडच्या बाईंचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार सांगा. हेच विचारायला हवं." मग आपणहून धोके सांगितले. ठोके मंदावू शकतात, वार सुटू शकते, पाणमोट फुटू शकते. तसं काही दिसलं तर लगेच ऑपरेशन. फिरलं नाही तरी ऑपरेशनच, आणि ते ती स्वतः करेल. "त्यात हरलो असं काही नाही, अक्का. बाळ आणि तुम्ही दोघं घरी गेलात की झालं."

मायनं मध्येच विचारलं, "तुमचं लगन झालं न्हाई का अजून?"

"नाही हो मावशी."

"करा. वय हाय तवर." आणि मग माझ्याकडं वळून, "करू दे हिला."

ठरलेल्या सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर व्हरांड्यातच उभी. दवाखान्याचा टँकर आला नव्हता. टाक्या कोरड्या होत्या. "पाणी नाही तर ऑपरेशनची खोली तयार नाही. ती तयार नाही तर मी पोटाला हात लावणार नाही. घरी जा आणि पाणी आलं की या." बाकीच्या बायकाही तिथंच खोळंबलेल्या. कुणी बाळंतीण, कुणी पोर कडेवर.

नवरा तिथून थेट आमच्या कचेरीत गेला. टंचाई शाखेत माझ्याबरोबर काम करणारे एक वयस्क कारकून होते. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की टँकरचा आस मोडून तो औशाच्या रस्त्यावर उभा आहे आणि बदली टँकर पाठवायचा कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी माझ्या जागेवर बसून दोन बोटांनी हुकूम टाइप केला आणि साहेबांची सही घेतली. दुपारच्या सुमाराला दवाखान्याच्या अंगणात टँकर शिरला. व्हरांड्यातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पाइप टाकीत सोडला तेव्हा पाण्याचा तो आवाज ऐकत सगळ्या तशाच उभ्या होत्या. माय म्हणाली, "तू बडवत होतीस त्याच कागदावर आलं का हे?" मी हो म्हटलं. तिनं आजूबाजूच्या चार बायकांना ते ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेबलावर घेतलं. पायाकडची बाजू उंच केली. एक इंजेक्शन दिलं. डॉक्टरनं लाकडी नळी पोटाला लावून कान टेकला आणि बराच वेळ ऐकलं. मग पोटावर पावडर टाकली. माय माझ्या उशाशी, माझं डोकं दोन्ही हातांत धरून.

"दुखलं तर सांगा. थांब म्हणालात तर मी थांबेन."

तिनं एका हातानं बुडाखाली धरलं आणि दुसऱ्यानं डोक्याला दाब दिला. दुखलं, पण सोसवेल इतकं. बाळ आडवं झालं. माझं सगळं पोट रुंद, वेगळ्याच आकाराचं दिसत होतं. तेवढ्यात तिनं हात काढले आणि नळी लावली. तिचा चेहरा बदलला. "ठोके हळू झालेत. थांबते." तिनं दाब सोडला तसं बाळ घसरून परत पहिल्या जागी गेलं, डोकं वर. ती नळीवरून कान काढेना. खोलीत कुणी हललं नाही. मग डॉक्टर हळूच म्हणाली, "आले. चांगले पडतायत."

नांदेडच्या बाईंच्या हातून कोणत्या क्षणी काय झालं असेल, ते मला त्या वेळी समजलं.

दोन-चार दिवसांनी पुन्हा बघू, डॉक्टर म्हणाली. तुमची इच्छा असेल तर. घरी आल्यावर नवरा म्हणाला, आता पुरे, ऑपरेशन करून टाकू. मी मायकडं पाहिलं. ती काही तरी म्हणेल, नांदेडला चल म्हणेल, असं वाटलं. ती म्हणाली, "बाळाला त्रास व्हायला लागला तशी त्या पोरीनं हात काढला. म्यां बघितलं. अशा हातात एकदा अजून द्यायला हरकत न्हाई. पर तुझं पोट हाय, तू सांग." आयुष्यात पहिल्यांदा माय मला तू सांग म्हणाली होती. मी सांगितलं, एकदा अजून.

दुसऱ्या खेपेच्या दिवशी मी सकाळपासून डाव्या कुशीवर झोपून होते. टेबलावर गेले तेव्हा भीती उरली नव्हती, नुसती घाई होती. तीच नळी, तीच पावडर, तेच हात. बाळ आडवं झालं. डॉक्टर थांबली, ऐकलं, मान हलवली. पुन्हा दाब दिला. आणि मग तिला काही करावंच लागलं नाही. बाळानं आपलं आपणच उरलेली कोलांटी घेतली. आतून सगळं घरंगळलं आणि बरगडीखाली एकदम मोकळं वाटलं. किती आठवड्यांनी मी पोटभर श्वास घेतला.

डॉक्टरनं माझा हात धरून खाली ओटीपोटावर ठेवला. गोल, टणक.

"डोकं," मी म्हणाले.

"डोकं," ती म्हणाली आणि तिथल्या स्टुलावर मटकन बसली. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. मायनं आपल्या पदरानं तो पुसला. नांदेडपासून जिच्या लग्नाची काळजी करत आली होती त्या पोरीचं कपाळ पुसताना माय रडत होती. मी तिला तशी रडताना कधी पाहिली नव्हती.

बाळ पुन्हा फिरू नये म्हणून मायनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझं पोट बांधलं. पुढचे दिवस आम्ही दोघी रोज चाचपून बघायचो. डोकं खालीच होतं.

कळा पहाटे सुरू झाल्या आणि दुपार कलायच्या आत मुलगी झाली. डोक्याकडून, सरळ, मोठ्यानं रडत. टाका नाही, चिमटा नाही. शेवटच्या कळेला मी डॉक्टरचं मनगट इतक्या जोरानं धरलं की बोटांचे वळ उठले. पोर माझ्या छातीवर ठेवली तेव्हा ती ओली, गरम आणि चांगलीच जड होती. मला उठून बाहेर जावं आणि रस्त्यावरच्या माणसांना दाखवावं असं वाटत होतं. खरंच वाटत होतं. मायनं उठू दिलं असतं तर गेलेही असते.

संध्याकाळी मामंजी आले. मी नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं खांदे उडवले. मामंजींनी नातीला हातात घेतलं, बराच वेळ न्याहाळलं आणि गंभीरपणे म्हणाले, "डोक्याकडून आली ते लई बरं झालं. पायाळूवर इज पडायची भीती असती. पावसात पोर घराबाहेर काढायची सोय न्हाई." पाऊस तर कुठंच नव्हता. पाण्याचं काय, असं नवऱ्यानं हळूच विचारलं. "त्याला आता बोअरची मशीन आली की," मामंजी म्हणाले आणि नातीच्या मुठीत आपलं बोट दिलं.

माय पंधरवड्यानं नांदेडला गेली ती आधी डॉक्टरीणबाईंकडं. परत आल्यावर तिनं सांगितलं, बाईंनी सगळं दोनदा ऐकून घेतलं. ठोके हळू झाले तेव्हा त्या पोरीनं काय केलं, हे तर तीनदा. मग लातूरच्या डॉक्टरचं नाव आणि पत्ता लिहून घेतला. पुढं एका मोसमात बाईंनी आपल्या दवाखान्यातली एक बाई सोबत माणूस देऊन लातूरला पाठवली, हे मला डॉक्टरकडूनच कळलं. ते बाळही फिरलं.

मला सर्वांत जास्त आठवतो तो मात्र बाळंतपणानंतरचा दुसरा दिवस. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा, खिडकीतून ऊन. मी पोरीला पाजत होते. माय खाटांच्या मधल्या वाटेत उभी राहून बाळंतिणींना आणि त्यांच्या सासवांना सगळी हकिगत सांगत होती. तिच्या हकिगतीत गाडी जास्त उसळत होती, टँकर जास्त उशिरा आला होता आणि बाळानं एक नाही, दीड कोलांटी घेतली होती.

"समदे न्हाई म्हणून राहिले होते," ती म्हणाली. "जावई न्हाई म्हणला, व्याही न्हाई म्हणला. म्यां म्हणलं, पोरी, चल लातूरला. म्यां हाय सोबत."

एका सासूनं माझ्याकडं वळून विचारलं, "व्हय का गं, मायच म्हणली का?"

माय बोलायची थांबली आणि माझ्याकडं बघू लागली.

"हाव," मी म्हटलं. "मायनंच आणलं."

मायनं पदर खोचला आणि पुढची हकिगत सांगायला घेतली.